साइटचा ग्रुप : बांधकाम, व्हॉट्सॲप आणि विश्वास

मध्यम आकाराच्या इमारतीचे काम आज ज्या माणसांच्या हातून होते, ती माणसे क्वचितच एका छपराखाली बसतात. आर्किटेक्टचे कार्यालय पुण्यात, आरसीसी कन्सल्टंट ठाण्यात, लिफ्ट आणि अग्निशमनाचे सल्लागार आणखी कुठे, विकासकाचा भागीदार दुबईत, आणि साइट चाकणला किंवा पनवेलला. पंधरवड्यातून एकदा बैठक होते, तीही सगळे हजर असतील याची खात्री नाही. व्यवस्थापनशास्त्रात अशा गटाला आभासी किंवा दूरस्थ चमू म्हणतात. साइटवर त्याला कुणी असले नाव देत नाही. तिथे फक्त ‘ग्रुपवर टाक’ एवढे म्हटले जाते आणि सगळ्यांना ते कळते. भारतात व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांची संख्या ५३ कोटी असल्याचे केंद्र सरकारने २०२१ मध्येच सांगितले होते. या ॲपसाठी कुणाला वेगळे प्रशिक्षण द्यावे लागत नाही, मुकादमालाही नाही. त्यामुळे बांधकामासाठी खास बनवलेली महागडी सॉफ्टवेअर बाजूला राहिली आणि काम या फुकटच्या ॲपवर आले.

बांधकामात विश्वासाचा प्रश्न इतर धंद्यांहून अवघड आहे. चमू दर प्रकल्पाला नवा असतो. प्रत्येक जण वेगळ्या फर्मचा, प्रत्येकाचा करार वेगळा आणि प्रत्येकाचे पैसे कुणाकडे तरी अडकलेले. ठेकेदार बहुधा सर्वांत कमी दराची निविदा भरून आलेला असतो. तो दर जादा कामाच्या बिलातून भरून काढील, अशी शंका पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मनात असते. ब्रिटनमध्ये मायकेल लॅथम यांनी १९९४ साली ‘कन्स्ट्रक्टिंग द टीम’ हा अहवाल लिहिला. तिथल्या बांधकाम उद्योगातली भांडखोर वृत्ती आणि परस्परांवरचा अविश्वास हाच त्याचा मुख्य विषय होता. आपल्याकडची स्थिती फार वेगळी आहे असे समजण्याचे कारण नाही.

तरीही कामे होतात. अनोळखी माणसे पहिल्या आठवड्यापासून एकमेकांच्या शब्दावर लाखोंचा माल उतरवून घेतात. याचे एक स्पष्टीकरण मायरसन, वाइक आणि क्रेमर या अभ्यासकांनी १९९६ मध्ये दिले. तात्पुरत्या गटांत ओळख वाढून विश्वास निर्माण व्हायला वेळच नसतो, म्हणून माणसे समोरच्याच्या भूमिकेवर विश्वास ठेवून मोकळी होतात. हा आरसीसी कन्सल्टंट आहे, म्हणजे त्याला सळईचे कळत असणार, एवढे गृहीत धरले की काम सुरू. या झटपट विश्वासाची दूरस्थ गटांतली परीक्षा यार्वेनपा आणि लाइडनर यांनी केली. त्यांचा १९९९ चा अभ्यास वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या गटांवर होता. ते विद्यार्थी एकमेकांना कधी भेटले नव्हते, फक्त संगणकावरून बोलत होते. त्यांच्यात विश्वास लवकर बसला, पण तो ठिसूळ निघाला. ज्या गटांत तो टिकला, तिथे सुरुवातीची आपुलकी होतीच, शिवाय उत्तरे वेळच्या वेळी आणि नेमाने येत होती. साइटच्या ग्रुपलाही हे तंतोतंत लागू पडते. रोज संध्याकाळी न चुकता प्रगतीचे फोटो टाकणाऱ्या सुपरवायझरबद्दल सगळ्यांचे मत चांगले असते. चार दिवस गप्प बसून पाचव्या दिवशी चाळीस फोटो ओतणाऱ्याबद्दल नसते, मग त्याचे काम कितीही चोख असो.

विश्वासाचे घटक सांगताना मेयर, डेव्हिस आणि शुरमन यांची १९९५ ची मांडणी अजून वापरली जाते : समोरच्याची कुवत, त्याची आपल्याविषयीची सद्भावना आणि त्याची सचोटी. यांपैकी सद्भावनेच्या बाबतीत व्हॉट्सॲप फार उपयोगी पडते. गणपतीचे फोटो, कुणाच्या मुलीचा दहावीचा निकाल, स्लॅब झाल्यावरचे पेढे यांतून साहेब आणि ठेकेदार यांच्यातले अंतर कमी होते. रात्री नऊला ‘दादा, उद्या पंप नक्की येतोय ना?’ असे सहज विचारता येते. कुवतीचा अंदाजही फोटोंवरून थोडाफार बांधता येतो. सचोटीचे तसे नाही. सांगितले तेच केले का, केले तेच दाखवले का, आणि उद्या अंगाशी आले तर हाच माणूस हेच सांगेल का, हे ग्रुपवरून कळत नाही. मात्र ग्रुपमुळे ते कळल्यासारखे वाटते, आणि नेमके तेच धोक्याचे आहे.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी हे जवळून पाहता येते. सेंट्रिंग झालेले असते, सळई बांधून होत आलेली असते, इलेक्ट्रिकलची माणसे पाइप अंथरत असतात. सुपरवायझर दहा-पंधरा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘सर, स्टील रेडी. सकाळी सातला स्लॅब.’ रेडीमिक्सच्या प्लँटला ऑर्डर गेलेली असते. काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांत ओतले गेले पाहिजे, असे आयएस ४९२६ हे मानक सांगते. म्हणून ट्रान्झिट मिक्सरच्या वेळा मिनिटांच्या हिशेबाने लावलेल्या असतात आणि पंपाचे भाडे ठरलेले असते. आता मागे फिरणे म्हणजे पैसे. आरसीसी कन्सल्टंट त्या वेळी गाडी चालवत असतो किंवा दुसऱ्याच प्रकल्पाच्या बैठकीत असतो. तो फोटो उघडतो, त्यांतले दोन-तीन बोटांनी मोठे करून पाहतो आणि अंगठा पाठवतो.

त्या अंगठ्याचा अर्थ काय? ‘फोटो मिळाले’ असा, ‘ठीक दिसते’ असा, की ‘तपासले, स्लॅब टाका’ असा? पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला किंवा दुसरा अर्थ असतो. साइटवर तिसरा घेतला जातो. जुन्या पद्धतीत यासाठी पोअर कार्ड असे : सेंट्रिंग, सळई, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल अशा रकान्यांत ज्याची त्याची सही, तारीख आणि वेळ. सही करताना हात जरा अडखळतो. अंगठा पाठवताना तसे काही होत नाही.

शिवाय फोटोत काय दिसते आणि काय दिसत नाही, हा निव्वळ तांत्रिक मुद्दा आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग भूकंपप्रवण क्षेत्र तीनमध्ये मोडतो, आणि तिथल्या इमारतींच्या सळईबांधणीला आयएस १३९२० हे मानक लागू होते. तुळईच्या टोकांजवळ रिंगा दाट हव्यात, त्यांच्यातले अंतर कोणत्याही परिस्थितीत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रिंगेचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. ९० अंशांचा हूक भूकंपाच्या हेलकाव्यात उघडतो आणि रिंग असून नसल्यासारखी होते. उभ्याने, तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत १५० मिलिमीटरवरच्या रिंगाही दाट दिसतात. हूक तर सळयांच्या गर्दीत लपतोच. कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का, हे वाकून खालून पाहिल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सॲप फोटो आकसून पाठवते, त्यामुळे मोठा करून पाहण्याची सोयही अर्धीच राहते. काही कन्सल्टंट आता रिंगांवर मेझरिंग टेप धरून काढलेलाच फोटो मागतात, आणि जोडीला ग्रिडचा क्रमांक खडूने लिहिलेली पाटी. ही पद्धत चांगली आहे, पण टेप कुठे धरायची हे ज्याचे काम तपासायचे तोच ठरवतो, हे विसरता येत नाही.

गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो. कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ मध्ये दूरस्थ गटांविषयी लिहिताना यावर नेमके बोट ठेवले. दूरच्या माणसाकडून उत्तर आले नाही की त्याचे कारण पलीकडच्याला ठाऊक नसते, आणि तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो. संमती आहे, हरकत आहे, रजेवर आहे, रेंज नाही, किंवा प्रश्नच वाचला नाही, यांतले काहीही असू शकते. व्हॉट्सॲपने २०१४ च्या शेवटी निळ्या खुणा आणल्या तेव्हा हा गोंधळ मिटेल असे वाटले होते. झाले उलटेच. आता ‘वाचले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे मान्य’ असा नवाच युक्तिवाद साइटवर ऐकू येतो. पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये तर आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कुणीतरी नीट पाहिले असेल.

तोंडी होकारावर बांधकाम पुढे रेटण्याची सवय मोबाइलच्या आधीची आहे. तिचा सर्वांत भयंकर दाखला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलचा आहे. तिथे लॉबीवर चौथ्या मजल्याचा झुलता पूल होता आणि बरोबर त्याच्याखाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ आराखड्यात छतापासून दोन्ही पुलांतून सलग जाणाऱ्या पोलादी सळ्या होत्या. लोखंडकाम करणाऱ्या फर्मला त्या अवघड वाटल्या, म्हणून सळ्यांचे दोन तुकडे झाले : छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरा. दिसायला हा फरक किरकोळ होता. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर स्वतःच्या पुलाबरोबर खालच्या पुलाचाही भार आला, म्हणजे दुप्पट. मूळ जोडणीसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होती, असे पुढे चौकशीत निघाले. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. बदलाला संमती फोनवर घेतली होती, असे लोखंडकामाच्या फर्मचे म्हणणे होते. असा फोन झालाच नाही, असे अभियंत्यांचे. बदललेल्या नकाशांवर मात्र अभियंत्याचा शिक्का होता. मिसुरी राज्याने पुढे दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले. त्या काळी ग्रुप असता तर निदान फोनचा वाद उरला नसता, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्या नटावरचा भार किती याचा हिशेब कुणीच केला नव्हता, आणि तो ग्रुपमुळे झाला असता असे नाही.

साइटच्या ग्रुपचे खरे समाजशास्त्र मात्र दुसऱ्याच गोष्टीत आहे : ग्रुप एक कधीच नसतो. एक असतो सगळ्यांचा, त्यात क्लायंट असतो. दुसरा क्लायंट नसलेला. ठेकेदाराचा आपल्या माणसांचा तिसरा, आणि मुकादमांचा चौथा, ज्यात हिंदीतून व्हॉइस नोट चालतात. चुका पहिल्या ग्रुपवर सहसा येत नाहीत. हनीकोंबिंग झालेला कॉलम, म्हणजे काँक्रीट नीट न बसल्याने मधाच्या पोळ्यासारखी भोके राहिलेला, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रुपवर दिसतो, तिथेच ग्राउटिंगची पद्धत ठरते आणि प्लास्टर झाल्यावर क्लायंटच्या ग्रुपवर कॉलमचा सुंदर फोटो येतो. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. क्लायंटसमोर साइट इंजिनिअरला ‘हे काय चाललंय?’ म्हणून झापले जाते, चाळीस जण ते वाचतात, आणि पुढच्या वेळी तो तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा चूक दाखवण्याऐवजी झाकायला शिकतो. विश्वास वाढवण्यासाठी उघडलेल्या खिडकीमुळेच तो आटतो. समोरासमोरच्या बैठकीत तेच रागावणे चहाबरोबर विरून जाते. ग्रुपवर ते स्क्रीनशॉट होऊन फिरत राहते.

बिले थकली की ग्रुपचा सूरही बदलतो. आधी ठेकेदाराचे फोटो कमी होतात, मग ‘सर, आरए बिल पेंडिंग आहे, लेबर थांबत नाही’ असे सगळ्यांसमोर लिहिले जाते. हा निरोप एकट्या क्लायंटला पाठवता आला असता. तो मुद्दाम आर्किटेक्ट आणि कन्सल्टंटच्या देखत दिलेला असतो. शेवटी एक दिवस अमुक यांनी ग्रुप सोडला, अशी ओळ येते. कराराच्या भाषेत त्या ओळीला काहीच अर्थ नाही. साइटवर मात्र सगळ्यांना तो कळतो.

नकाशांच्या बाबतीत नुकसान अधिक मोजण्याजोगे असते. एका कामात एका तुळईच्या नकाशाच्या चार-पाच आवृत्त्या निघतात. त्यांतली बांधकामासाठी मंजूर प्रत कोणती, हे नकाशाच्या कोपऱ्यातल्या आवृत्तीच्या अक्षरावरून ओळखायचे असते. ग्रुपवर पीडीएफ येते, कुणी तिचा फोटो काढून फिटरला पाठवतो, कोपरा कापला जातो. तीन आठवड्यांनी वर सरकवून शोधताना आधीची आवृत्ती सापडते आणि सळई तीप्रमाणे कापली जाते. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय २०१८ च्या आयएसओ १९६५० या मानकात आहे. प्रकल्पाची सगळी माहिती एका सामाईक ठिकाणी ठेवायची आणि प्रत्येक फाइल कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवून ठेवायचे : काम चालू, इतरांना दाखवलेली, प्रसिद्ध केलेली, जुनी झालेली. पुण्या-मुंबईतल्या अनेक फर्म ब्रिटन, अमेरिका आणि आखातातल्या प्रकल्पांसाठी त्रिमितीय प्रतिकृती बनवतात आणि ही शिस्त रोज पाळतात. नागपूर मेट्रोने खर्च आणि वेळापत्रक जोडलेल्या अशाच डिजिटल प्रतिकृतीवर काम केले. शहरातल्या सात मजली इमारतीच्या साइटवर मात्र तेवढा खर्च आणि तेवढी माणसे नसतात. तिथे कागदी नकाशावर लाल शाईने ‘रद्द’ लिहून तो भिंतीवरून काढणे हाच उपाय अजून सर्वांत भरवशाचा आहे.

लिंक्डइन, फेसबुक, इन्स्टाग्राम यांचा भाग त्यामानाने छोटा आहे. नवा सल्लागार नेमण्याआधी त्याची जुनी कामे तिथे पाहिली जातात, आणि ड्रोनने काढलेले प्रगतीचे व्हिडिओ फ्लॅट घेणाऱ्यांसाठी टाकले जातात. चमूच्या आतल्या विश्वासाशी त्यांचा संबंध पहिल्या ओळखीपुरता येतो.

करारांनी मात्र व्हॉट्सॲपची दखल सावकाश घेतली. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या ‘रेड बुक’ या नमुना करारात तोंडी सूचनेची सोय आहे. अभियंत्याने तोंडी सूचना दिली तर कंत्राटदाराने दोन कामाच्या दिवसांत ती लेखी कळवायची, आणि पुढच्या दोन दिवसांत अभियंत्याने लेखी नकार दिला नाही तर ती लेखी सूचना मानायची. म्हणजे गप्प राहण्याला तिथेही अर्थ आहे, पण तो आधी ठरवलेला आणि मुदतीत बांधलेला. आपल्याकडच्या सरकारी कामांवर साइट ऑर्डर बुक आणि हिंड्रन्स रजिस्टर असते. कुणी काय सांगितले आणि काम कशामुळे अडले, याची नोंद त्यांत दोन्ही बाजूंच्या सह्यांनी होते. खासगी कामांत ही दोन्ही पुस्तके ग्रुपने खाल्ली. पाऊस, माल न येणे, नकाशा उशिरा मिळणे या सगळ्याची नोंद आता गप्पांत विखुरलेली असते. मुदतवाढीचा वाद निघाला की कुणीतरी बसून दोन वर्षांच्या संदेशांतून ती वेचतो.

न्यायालयांची भूमिकाही एकसारखी नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले, कारण निळ्या खुणांवरून ती उघडून वाचल्याचे दिसत होते. २०२१ च्या जुलैत घनकचऱ्याच्या कंत्राटातल्या वादात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने सुनावणीत असे मत व्यक्त केले की हे संदेश तयारही करता येतात आणि पुसताही येतात, त्यांना काय किंमत द्यायची? ब्रिटनमधला २०२५ चा निकाल बांधकामवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. नॉर्विचमधला एक जुना नाइटक्लब पाडण्याचे सुमारे अडीच लाख पौंडांचे काम होते. विकासकाने नंतर रीतसर करारपत्र पाठवले. पण न्यायालयाने ठरवले की त्याआधी व्हॉट्सॲपवर जे विचारले आणि ज्याला होकार मिळाला, तोच करार. काम कुणाचे, रक्कम किती, बिलानंतर पैसे कधी, एवढे ठरले होते आणि ते पुरेसे होते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ हेच तत्त्व सांगते : करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला, एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही.

पुराव्याची अडचण ॲपच्या सोयींनीच वाढवली आहे. पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत २०२२ मध्ये दोन दिवसांच्या वर गेली. २०२३ पासून पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांत बदलता येतो. आपोआप नाहीसे होणारे संदेश २०२० पासूनच आहेत. काही समंजस पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणून एक साधा नियम लावतात : ग्रुपवर फक्त दाखवायचे आणि विचारायचे, ठरवायचे नाही. जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने, नकाशाच्या आवृत्तीच्या क्रमांकासह. यामुळे काम अडते अशी तक्रार ठेकेदार करतात आणि ती अगदीच खोटी नाही. तरी जिथे हा नियम पाळला जातो, तिथे ग्रुपवरचे बोलणेही मोकळे होते. तिथला शब्द उद्या अंगावर येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते.

करोनाच्या काळात साइटवर जाऊन तपासणेच अशक्य झाले. २०२० च्या मार्चमध्ये मजूर गावी गेले, सल्लागार घरी अडकले, आणि कामे पुन्हा सुरू झाली तेव्हा सळईची तपासणीही व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. तातडी सरली तरी सवय राहिली. दोन तासांचा प्रवास वाचतो, हे कारण पुरेसे असते.

हे सगळे संदेश राहतात कुठे, हा प्रश्न इमारत पूर्ण झाल्यावर येतो. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष दिसला, तर विकासकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. ग्रुप त्याच्या फार आधी निवलेला असतो. साइट इंजिनिअर दुसऱ्या कंपनीत गेलेला, त्याचा फोन बदललेला, जागा कमी पडते म्हणून फोटो पुसलेले. संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर मूळ फोन न्यायालयात हजर करावा लागतो, नाहीतर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवायचे. म्हणून आता काही विकासक साइटसाठी फर्मच्या मालकीचा फोन आणि नंबर ठेवतात, इंजिनिअर बदलला तरी फोन साइटवरच राहतो, आणि प्रत्येक स्लॅबनंतर त्या दिवसापर्यंतचे संभाषण उतरवून पोअर कार्डाच्या फाइलला जोडले जाते.